बाबूराव अर्नाळकर आणि रहस्यकथेचे घरगुती रूप

मराठी रहस्यकथेचा विषय निघाला की बाबूराव अर्नाळकर यांचे नाव येते, पण बहुधा संख्येपुरतेच. हजाराहून अधिक रहस्यकथा आणि गिनीज बुकाने घेतलेली त्यांची नोंद एवढ्यावर त्यांची बोळवण होते. खुनाची गोष्ट घरात उजळ माथ्याने वाचता येईल असे रूप त्यांनी तिला दिले, ही अधिक महत्त्वाची बाब मात्र दुर्लक्षित राहते.

त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा. गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. त्यांनी या प्रकाराला प्रथम हात घातला तेव्हा मराठीत रहस्याची परंपरा नव्हती असे नाही. गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना देशी वेश देऊन 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती' यांसारख्या कृती सिद्ध केल्या होत्या. परंतु ते जग सरदार-दरकदारांचे, गुहा-भुयारांचे होते. अर्नाळकरांनी रहस्य समकालीन मुंबईत आणले. 'चौकटची राणी' ही त्यांची आरंभीची कादंबरी.

त्यांच्या झुंजारवर ब्रूस ग्रीमच्या 'ब्लॅकशर्ट'ची (१९२५) छाया आहे. हे ऋण मान्य करूनही रूपांतरात काय बदलले हे पाहणे अगत्याचे आहे. झुंजारपाशी पत्नी विजया आहे, विश्वासू नेताजी आहे. धनंजयला छोटूची साथ आहे. नायक साहसावर निघतो आणि घरी परततो. रक्तपाताचे रसभरीत वर्णन नाही, शृंगाराला मर्यादा आहे, आणि अखेरीस न्याय होणार याची वाचकाला खात्री असते. अगाथा ख्रिस्तीने १९३० साली कादंबरीत आणलेली मिस मार्पल हीच निश्चिंती एका लहानशा इंग्रजी खेड्याच्या आधाराने देते. अर्नाळकरांना महानगरात असे खेडे कुठून मिळणार? त्यांनी ते काम ओळखीच्या माणसांच्या एका छोट्या कुटुंबाकडून करून घेतले. रहस्यकथा प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाला भय वाटावे, पण शिसारी येऊ नये, हा तोल त्यांनी सांभाळला.

पुनरावृत्ती, ठोकळेबाज पात्रे, घाईने गुंडाळलेले शेवट हे दोष उघड आहेत. एवढ्या विपुल लेखनात ते अटळच होते, असे म्हणून त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि, याच दोषांमुळे हे लेखन अभ्यासक्रमाबाहेर ठेवताना त्याचा वाचकही अभ्यासाबाहेर राहिला, हे नुकसान मोठे आहे.

५ जुलै १९९६ रोजी अर्नाळकरांचे निधन झाले. पुढे सतीश भावे यांनी त्यांच्या निवडक कथांचे संपादन केल्याने काही लेखन पुन्हा उपलब्ध झाले. वाचकाचा शोध मात्र संपादनातून लागणारा नाही. १८७७ पासून कापडगिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या सोलापुरासारख्या शहरात ही पुस्तके कोणाच्या हाती जात होती, एकेक प्रत किती घरे फिरत होती, हे जुन्या वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या जिथे शिल्लक असतील तिथेच पाहावे लागेल.