रूळ, राजकारण आणि प्रा. मधू दंडवते

भारतीय रेल्वेच्या आर्थिक इतिहासात १९२४ या वर्षाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी रेल्वेचा अर्थसंकल्प सरकारच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा काढण्यात आला. रेल्वेचा जमाखर्च व्यापारी दृष्टीने चालावा आणि सरकारी तिजोरीच्या ओढाताणीपासून तो काहीसा मोकळा राहावा, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी २१ जानेवारीस अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मधू दंडवते यांचा जन्म झाला. या योगायोगात काही अर्थ शोधण्याचे कारण नाही. परंतु त्रेपन्न वर्षांनी तो स्वतंत्र अर्थसंकल्प लोकसभेत मांडण्याचे काम याच नगरच्या सुपुत्राकडे आले, आणि वाहतुकीच्या योजना हिशेबाने ठरतात की सत्तेवर असलेल्या पक्षाच्या सोयीने, या प्रश्नाशी त्यांची जी गाठ पडली ती पुढे सुटली नाही.

नगर हे त्या काळी समाजवादी विचाराचे एक जागते ठाणे होते. रावसाहेब आणि अच्युतराव हे पटवर्धन बंधू येथलेच. १९४२ च्या लढ्यात काँग्रेसचे श्रेष्ठ नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, तेव्हा अच्युतराव भूमिगत राहून चळवळ चालवीत होते. दंडवते त्या वेळी अठरा वर्षांचे होते. चळवळीत त्यांनी भाग घेतला, मुंबईत भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पुरे केले आणि डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते तोच विषय शिकवू लागले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते सत्याग्रहींच्या तुकडीसह उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते होते. वर्गातील फळा आणि रस्त्यावरील मोर्चा ही दोन्ही कामे त्यांनी दीर्घकाळ एकाच वेळी केली.

१९७१ च्या आरंभी बॅरिस्टर नाथ पै यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून दंडवते लोकसभेवर निवडून गेले. मतदारसंघाबरोबर कोकण रेल्वेची जुनी मागणीही त्यांच्याकडे वारशाने आली. वरवर पाहता ही मागणी एका मागास किनारपट्टीची दिसते. वस्तुतः ती मुंबई महानगराच्या वाहतुकीचाच न सुटलेला अर्धा भाग होती. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या ज्या मनुष्यबळावर उभ्या राहिल्या त्याचा मोठा हिस्सा रत्नागिरीकडून आलेला होता. हा चाकरमानी रोज लोकलने कामावर जाई. पण गणपतीला वा शिमग्याला घरी निघाला की त्याच्या वाट्याला एसटीचा रात्रभरचा प्रवास येई, आणि त्याआधीच्या पिढीच्या वाट्याला भाऊच्या धक्क्यावरची बोट. शहराला माणसे हवी होती, परंतु त्या माणसांच्या गावापर्यंत रूळ टाकण्याची घाई कोणत्याच सरकारला नव्हती. घाटांची अडचण खरी होती, खर्चही मोठा होता. तथापि, ज्या मतदारसंघांनी सातत्याने विरोधी पक्षाचा खासदार निवडून दिला त्यांची कामे दिल्लीच्या यादीत वर सरकत नाहीत, हेही तितकेच खरे.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि कालचा राजबंदी रेल्वेमंत्री झाला. मे १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय त्यांच्या पहिल्या निर्णयांपैकी एक होता. हा निर्णय पक्षीयच होता, यात संशय नाही. ज्या पक्षांनी संपाला पाठिंबा दिला होता तेच आता राज्यकर्ते होते. परंतु पक्षीय म्हणजे अन्याय्य असे समीकरण मांडता येत नाही.

तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला होता. खरे तर तो केवळ नावाने रद्द झाला होता. बाके लाकडाचीच राहिली होती. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच जाडीच्या गाद्या बसविण्याचे काम सुरू केले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. या वेगवान गाडीत पहिला वर्गच नव्हता. वेग हा केवळ श्रीमंताच्या तिकिटाबरोबर मिळणारा लाभ नाही, हे तत्त्व त्यांनी भाषणाऐवजी वेळापत्रकात लिहिले. गादीचा खर्च डब्याच्या एकूण किमतीपुढे किरकोळ, आणि तिचा लाभ लक्षावधी प्रवाशांना वर्षानुवर्षे. सार्वजनिक खर्चाची इतकी किफायतशीर उदाहरणे फार आढळत नाहीत.

महानगरांच्या बाबतीत मात्र चित्र इतके उजळ नव्हते. १९६९ मध्येच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांच्या वाहतुकीच्या अभ्यासासाठी रेल्वेने स्वतंत्र यंत्रणा उभी केली होती. त्यांपैकी भुयारी रेल्वेचे प्रत्यक्ष खोदकाम कलकत्त्यातच सुरू झाले, आणि तेही जनता राजवटीच्या वर्षांत पैशाची चणचण, जमिनीखालील नळांचे स्थलांतर आणि न्यायालयीन स्थगिती यांत रखडत होते. पुढे १९८२ मध्ये बंगालचे घनी खान चौधरी रेल्वेमंत्री झाल्यावर त्या कामाला धार आली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली भुयारी गाडी धावली. राज्यात डावी आघाडी, केंद्रात काँग्रेस. तरी गाडी धावली, कारण मंत्री त्या राज्याचा होता. मुंबईच्या भुयारी रेल्वेला असा कैवारी मिळाला नाही, आणि दंडवतेही त्याला अपवाद नव्हते. त्यांनी आपले वजन कोकणाच्या पारड्यात टाकले.

कोकणची सुरुवात आपटा ते रोहा या छोट्या टप्प्याने झाली. दिवा–पनवेल–आपटा हा फाटा साठच्या दशकात तयार झाला होता. १९७८ मध्ये दंडवत्यांनी तो रोह्यापर्यंत नेण्याच्या कामाचा शुभारंभ केला. जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळले. मंत्री गेला, आणि कामाची गतीही गेली. रोह्यास गाडी पोहोचायला १९८६ साल उजाडले. एका लहानशा टप्प्याला आठ वर्षे लागावीत यास केवळ डोंगर जबाबदार नव्हते. दरवर्षी अर्थसंकल्पात किती तरतूद होईल हे ज्या कामाला ठाऊक नसते, ते काम मंत्र्याच्या मर्जीने श्वास घेते. १९२४ ची व्यवस्था रेल्वेला सर्वसाधारण तिजोरीपासून वेगळे करू शकली. मंत्र्याच्या मर्जीपासून नव्हे.

दंडवत्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा अंक येथे सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते, ते मंगळूरचे. योजना आयोगाचे उपाध्यक्षपद आरंभीच्या महिन्यांत कर्नाटकाचे रामकृष्ण हेगडे यांच्याकडे होते. पैसा, रूळ आणि योजना या तिन्ही किल्ल्या एकाच वेळी पश्चिम किनाऱ्याशी नाते असलेल्या माणसांच्या हाती होत्या. हा योग पक्षीय राजकारणाने जुळवून आणला होता आणि तो फार काळ टिकणार नाही, हे १९७९ चा अनुभव असणाऱ्याला कळण्यास वेळ लागला नसावा. म्हणूनच या वेळी वार्षिक तरतुदीचा मार्ग सोडण्यात आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भागभांडवलात रेल्वेचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळचे प्रत्येकी ६ टक्के अशी विभागणी ठरली. उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभा करण्यात आला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात त्या वेळी काँग्रेसचे सरकार होते, केरळात डाव्यांचे, गोव्यात काँग्रेसमधून फुटलेल्यांची आघाडी. चार राज्ये, निरनिराळे पक्ष, आणि सर्वांचा पैसा एका ताळेबंदात. नोव्हेंबर १९९० मध्ये केंद्रातील सरकार पडले, पण या वेळी काम थांबले नाही. ज्यांनी भांडवल घातले आहे त्यांना ते बुडविणे परवडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. वाशीपर्यंतच्या लोकलचाही अनुभव असाच आहे. मानखुर्द–बेलापूर मार्गाच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि १९९२ मध्ये गाडी खाडी ओलांडून वाशीस गेली.

अर्थात ही व्यवस्था फुकट मिळाली नाही. कर्जरोख्यांवरील व्याजाचा बोजा महामंडळाने वर्षानुवर्षे वाहिला. दुहेरीकरणासाठी पैसा अपुरा पडत राहिला. अखेर २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. शिवाय केवळ महामंडळ केले म्हणजे पक्षीय कलह बाहेर राहतो असेही नाही. मुंबईची कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही भुयारी मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या समभागी कंपनीचीच, तिला जपानचे कर्ज होते. तरी २०१९ मध्ये सरकार बदलताच आरे येथील कारशेडला स्थगिती मिळाली, २०२० मध्ये ती कांजूरमार्गला हलविण्याचे ठरले, त्या जागेवर केंद्राने हक्क सांगितला, उच्च न्यायालयाने काम थांबविले आणि २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर कारशेड आरेतच परत आली. संपूर्ण मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. मूळचा सुमारे २३ हजार कोटी रुपयांचा अंदाज २०२२ मध्येच ३३ हजार कोटींच्या पुढे गेला होता. ही सर्व वाढ भांडणाचीच असे म्हणणे अन्यायाचे होईल. झाडांचा प्रश्नही खोटा नव्हता. परंतु तो सोडविण्याची जागा आराखड्याच्या टप्प्यावर होती, सत्तांतराच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. कोकण रेल्वेच्या गोव्यातील मार्गावरूनही नव्वदच्या दशकात असेच आंदोलन झाले, काम थांबले, चौकशी आयोग नेमला गेला आणि मग काम पुढे सरकले.

दंडवत्यांवर एक आक्षेप घेता येतो. ज्याने पक्षीय सोयीपलीकडे पाहिले त्याने तरी आपल्याच मतदारसंघाची रेल्वे पुढे रेटली नाही काय? रेटली. मात्र ती मागणी त्यांच्या खासदारकीहून जुनी होती, आणि आपल्या जन्मगावासाठी त्यांनी असा हट्ट धरला नाही. नगरकरांना हे थोडे लागेल. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, त्याच्या खर्चाचा निम्मा भार पुढे राज्याने पत्करला, आणि तरीही गाडी आष्टीला २०२२ मध्ये व बीडला २०२५ मध्ये पोहोचली. तीस वर्षांत केंद्रात आणि राज्यात कोण कोण येऊन गेले, याची यादी नगर आणि बीडच्या मतदारांना पाठ असेल.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. बोगद्यांची कामे तेव्हा नुकती सुरू झाली होती. गाडी मतदारांना दिसायला अजून अवकाश होता. लोकसभेत ते पुन्हा गेले नाहीत. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने त्यांना योजना आयोगाचे उपाध्यक्ष केले, आणि ते त्या पदावर असतानाच २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा सलग मार्ग पुरा झाला. १ मे रोजी त्यावरून थेट प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा केंद्रात पुन्हा वेगळेच सरकार होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयास देण्यात आला.