बंद दारापुढची विद्यार्थिनी : डॉ. कमला सोहोनी

1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्रात अव्वल गुणांनी उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला. वास्तविक कमलाबाईंचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. विद्येची अशी परंपरा पाठीशी असलेल्या उच्चवर्णीय कन्येलाही जेथे नकार मिळाला, तेथे ज्यांना शाळेचा उंबरठाही वर्ज्य होता त्या आमच्या आज्या-पणज्यांची काय कथा?

कमलाबाईंनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. 1927 चा महाडचा सत्याग्रह आम्हां सर्वांस ठाऊक आहे. हा एकट्या मुलीने विद्येच्या दाराशी केलेला. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षाधीन राहावयाचे, कामाविषयी समाधान झाल्यावरच ते मान्य होणार, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. ही शेवटची अट कमलाबाईंना आयुष्यभर सलत राहिली, आणि ती सलणे योग्यच होते असे आम्हांस वाटते. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले.

1936 साली एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशींच्या श्वसनात भाग घेणारा हा घटक. अवघा 40 पानांचा प्रबंध लिहून 1939 साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि 1947 च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. तेथेही संचालकपद त्यांना उशिराच मिळाले.

बारामती-इंदापूरच्या वाचकांना नीरा म्हटले की नदी आठवते, आणि सोलापूर रस्त्यावर मिळणारे पेयही. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी या पेयाचा अभ्यास केला. त्यात क जीवनसत्त्व व लोह आढळले आणि कुपोषित आदिवासी बालके व गर्भवती यांना ते दिल्याने प्रकृती सुधारते, असे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात, यावरही त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. डाळ नीट शिजवावी, हा आपल्या स्वयंपाकघरातील दंडक किती शास्त्रीय आहे, हे त्यातून उमगते.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोदीन पिकार्दे या विदुषीने शीले या शास्त्रज्ञाचे रसायनशास्त्रीय लेखन फ्रेंच भाषेत आणले, तेव्हा ग्रंथावर तिचे पूर्ण नाव छापले गेले नव्हते. कमलाबाईंनी प्रयोगशाळेतील ज्ञान मराठी घरांत नेणारे ‘आहारगाथा’ हे पुस्तक स्वतःच्या नावाने लिहिले. ग्राहकांच्या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. अन्नातील भेसळ ओळखण्याचे ज्ञान गृहिणींपर्यंत पोहोचावे, यासाठी त्या झटल्या.

1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.