तिजोरी घडवणारा निर्मोही माणूस

आमच्या आजीचे सोने गेले ते चोरामुळे नव्हे, तिच्या गुप्ततेमुळे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तेव्हा सोने ठेवण्याच्या जागा ठरलेल्या असत. कुणी धान्याच्या कणगीच्या तळाशी पुरचुंडी ठेवी, कुणी चुलीमागच्या भिंतीतला कोनाडा लिंपून टाकी, तर कुणी तांब्यात दागिने घालून जमिनीत पुरी आणि वरून शेणाने सारवून घेई. आजीने आपले गोठ आणि पुतळ्यांची माळ अशीच कुठेतरी ठेवली होती. एका रात्री तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि चौथ्या दिवशी ती गेली. तेरावे उरकल्यावर वडिलांनी आणि काकांनी अर्धे स्वयंपाकघर खणून काढले. हाती काही लागले नाही. सोने आधीच कुणीतरी काढून घेतले असावे, या संशयाने दोघा भावांनी जो अबोला धरला तो पुढे कधी पुरता सुटलाच नाही.

मुंबईत बिऱ्हाड झाल्यावर आईने हप्त्याने घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे गोदरेजचे कपाट. चार हमालांनी ते चाळीच्या जिन्यावरून वर चढवले, तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिले. आतल्या चोरकप्प्यात तिच्या पाटल्या असत आणि किल्ली कमरेला. कपाटावरचे ते नाव एखाद्या हाडामांसाच्या माणसाचे असेल, असे माझ्या मनात वर्षानुवर्षे आलेही नाही. अर्देशिर गोदरेज यांच्या आयुष्याची हकीकत मी वाचली ती फार उशिरा. वाचली आणि थक्क झालो. दुसऱ्यांचे सोने सांभाळण्यासाठी जन्मभर खपलेल्या या माणसाला स्वतःला सोन्याचा मोह जवळजवळ नव्हताच!

अर्देशिर यांचा जन्म १८६८ मधला, मुंबईच्या खात्यापित्या पारशी घरातला. सहा भावंडांत ते थोरले. कायद्याचे शिक्षण चालू असतानाच लग्न झाले आणि वर्षभरातच, १८९१ साली, आभाळ कोसळले. त्यांची तरुण पत्नी बच्चूबाई आणि तिच्यासोबतची एक नातलग मुलगी या दोघींचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. साऱ्या मुंबईत खळबळ उडाली, खटला चालला, पण वर नेमके काय घडले याचा समाधानकारक उलगडा झाला नाही. तेवीस वर्षांच्या अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केले नाही. जे सर्वांत मोलाचे होते ते तर कुठल्याच कुलपात राहिले नव्हते.

वकील होऊन १८९४ साली ते एका खटल्यासाठी झांजिबारला गेले. तिथे आपल्या अशिलाची बाजू पूर्ण खरी नाही असे दिसताच त्यांनी ती मांडायला नकार दिला, वकिली कायमची सोडली आणि मुंबई गाठली. मग काही काळ एका औषधांच्या दुकानात काम केले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन शस्त्रक्रियेची अवजारे बनवली. माल उत्तम होता, पण ती घेणाऱ्या इंग्रज मालकाला त्यावर हिंदुस्थानात बनल्याची खूण नको होती. अर्देशिर खूण काढायला तयार होईनात. तो धंदाही बसला.

याच सुमारास मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. चांगली कुलपे तेव्हा विलायतेहून येत आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असत. कामांनी पुन्हा पैसे दिले आणि १८९७ साली लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका लहानशा शेडमध्ये मोजक्या कारागिरांसह कुलपांचा कारखाना सुरू झाला. कामांचे पुतणे बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच निघून गेले, पण अर्देशिर यांनी कंपनीच्या नावातले त्यांचे नाव तसेच ठेवले.

चांगल्या कुलपाच्या पोटात लहान लहान पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीच्या दातांनी प्रत्येक लिव्हर अगदी नेमका उचलला तरच खटका सरकतो. केसभर कमीजास्त झाले तरी कुलूप हलत नाही. पण अर्देशिर यांचे लक्ष बाहेरच्या चोरापुरते नव्हते. घरातला धोकाही ते ओळखून होते. त्यांच्या एका कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी ते उघडे, परंतु मालकाजवळच्या किल्लीने आतली रचनाच बदलता येई आणि दुसरी किल्ली निकामी होई. मुनिमाच्या हाती किल्ली देऊन गावाला जाणाऱ्या पेढीवाल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

कुलपांपाठोपाठ १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या. तिजोरीचा दरवाजा जाडजूड दिसतो, पण चोर तिथे डोके फोडत नाही, तो सांधे शोधतो. म्हणून अर्देशिर यांनी सांधे कमी करण्याकडे लक्ष दिले. पोलादी पत्रा जागोजागी जोडण्याऐवजी वाकवून घडवला. दुसरा शत्रू आग. अग्निरोधक तिजोरीत दोन पत्र्यांच्या मध्ये असा मसाला भरलेला असतो, की तापल्यावर त्यातला ओलावा वाफ होऊन निघू लागतो आणि आतली उष्णता लवकर चढू देत नाही. दागिन्यांहूनही कागदांना याची गरज अधिक. सोने वितळले तरी सोनेच राहते, पण जळालेल्या दस्तऐवजाची राखच होते.

पोलादी कपाटे आली १९२३ साली. ज्यांच्याकडे तिजोरीभर सोने नव्हते, चार बांगड्या आणि एक मंगळसूत्र होते, त्यांचीही सोय झाली. आमची चाळ त्यांतलीच.

धंदा वाढला, पैसा आला. अर्देशिर यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख! मध्यंतरी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबणही त्यांनी बाजारात आणला होता. १९०६ पासून धाकटे बंधू पिरोजशा त्यांच्या जोडीला होते. १९२८ साली, सारे बहरात असताना, अर्देशिर यांनी आपला पसारा या भावाच्या हाती सोपवला आणि ते नाशिककडे शेती करायला निघून गेले. १९३६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

हे वाचले तेव्हा मला वडील आणि काका आठवले. इकडे दोन भाऊ न सापडलेल्या चार दागिन्यांपायी दुरावले, तिकडे एका भावाने उभा कारखाना दुसऱ्याच्या ओंजळीत टाकला.

अर्देशिर यांच्या पश्चात, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सोन्याच्या लगडी होत्या, त्या उडून दूरवर जाऊन पडल्या. भोवतालची वस्ती जळाली. त्या राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत होता, अशी नोंद कंपनीच्या इतिहासात आहे. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच कारखान्याने लाखो मतपेट्या बनवल्या. सोन्याहून नाजूक असा तो ऐवज.

आज बरेच जण दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. तिथेही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. दागिने त्याहून किती तरी मोलाचे असू शकतात. म्हणून विमा आणि यादी या दोन्हींचा विचार घरोघरी व्हायला हवा. लॉकरला वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे, तेही पाहून ठेवावे.

आईने हा धडा आजीकडून घेतला होता. सत्तरी उलटल्यावर तिने एका दिवाळीत मला आणि धाकट्या बहिणीला समोर बसवले. रेघांच्या वहीत प्रत्येक दागिना, त्याचे वजन आणि तो कुणाचा हे लिहिलेले होते. एक किल्ली मला दिली, दुसरी बहिणीला. ती गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून कपाट उघडले. वहीत होते ते सारे आत होते. दोघांपैकी कुणीही काही मोजले नाही.

ते कपाट अजून माझ्याकडे आहे. कुरकुरते, पण कुलूप पहिल्यासारखेच लागते. अर्देशिर यांनी चोराचा आणि आगीचा बंदोबस्त केला. संशयाचा बंदोबस्त मात्र प्रत्येक घराने आपला आपणच करायचा असतो.