सही केली म्हणून माणूस गुलाम होतो काय?

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला तो अर्पण केला, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याच १८७३ साली नॉर्वेतील ड्रामेन बंदरातून एकोणीस वर्षांचा एक तरुण शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. त्याचे नाव अँड्र्यू फ्युरुसेथ. पुढे हाच माणूस अमेरिकेत गेला आणि सगळे आयुष्य एकच गोष्ट सांगत राहिला. अमेरिकेने १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती करून गुलामगिरी संपवली खरी, पण एक माणूस तिच्यातून सुटायचा राहून गेला होता. तो माणूस म्हणजे खलाशी.

फ्युरुसेथ यांचा जन्म १२ मार्च १८५४ चा, नॉर्वेच्या रोमेडाल भागातला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि दाणे कमी. आठव्या वर्षी आईबापांनी पोराला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवले. गरिबाच्या घरी हे जगात सगळीकडे असेच घडते. तिथे काम करता करता तो शिकला, वाचनाची गोडी लागली. थोरला झाल्यावर राजधानीत कारकुनी केली, सैनिकी शाळेत शिरण्याचा प्रयत्न फसला आणि मग समुद्र. सात वर्षे नॉर्वे, स्वीडन, इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका अशा अनेक देशांच्या झेंड्याखाली त्यांनी नोकरी केली. झेंडे बदलत होते, पण खलाशाची दशा कुठेच बदलत नव्हती. १८८० साली ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले.

ही दशा काय होती? खलाशाला जहाजावर काम मिळायचे ते दलालामार्फत. बंदरावर खाणावळ चालवणारा हा दलाल खलाशाला उधारीवर खाऊ-पिऊ घालायचा आणि जहाजावर चढवताना त्याच्या पगाराची उचल स्वतःच्या खिशात टाकायचा. ऊसतोड कामगार आणि मुकादम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. फरक एवढाच, की उचल घेतलेला खलाशी जहाज सोडून गेला तर त्याला पकडून आणायला सरकार होते. १७९० पासून अमेरिकेत तसा कायदाच होता. गिरणीतला कामगार नोकरी सोडून गेला तर मालकाने फार तर दावा लावावा. खलाशी गेला तर वॉरंट, बेड्या, तुरुंग, आणि जहाज निघायच्या वेळी पुन्हा त्याच जहाजावर रवानगी.

६ मार्च १८८५ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर लाकडांच्या ढिगाऱ्यांवर बसून खलाशांनी आपली संघटना काढली. फ्युरुसेथ काही महिन्यांत तिचे सभासद झाले आणि १८८७ साली सचिव. १८९१ मध्ये शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांवरचे खलाशी एकत्र येऊन पॅसिफिक खलाशी संघ झाला. फ्युरुसेथ यांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही. खलाशाला जेवढा पगार तेवढाच आपणही घ्यायचा हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. आजच्या कामगार पुढाऱ्यांच्या मोटारी पाहिल्या म्हणजे ही गोष्ट मुद्दाम लिहाविशी वाटते.

संघटनेने १८९५ साली आपल्या वृत्तपत्राची पुरवणी काढून कोणत्या जहाजावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणाला कसे मारले याची जंत्रीच छापली. तिला ‘लाल नोंद’ असे नाव होते. त्याआधी १८९३ साली बंदरावरच्या एका खाणावळीबाहेर सुरुंगाचा स्फोट होऊन माणसे मेली. संघटनेवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण लोकमत विरुद्ध गेले. संप फसले, पैसा आटला. तेव्हा फ्युरुसेथ यांनी ठरवले की आता लढाई कायद्याच्या घरात जाऊन करायची. ते वॉशिंग्टनला गेले आणि पुढची चार दशके तिथल्या संसदेचे उंबरे झिजवत राहिले. १८९५ साली कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी मॅग्वायर यांच्या नावाचा कायदा झाला आणि किनारी व्यापारातल्या खलाशाचा तुरुंगवास सुटला.

आनंद फार टिकला नाही. त्याच वर्षी ‘अरागो’ नावाच्या जहाजावरचे चार खलाशी ओरेगॉन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया बंदरात जहाज सोडून उतरले. जहाज चिलीतल्या व्हालपरायसोला जाणार होते, म्हणजे किनारी व्यापाराचा नवा कायदा त्यांना लागू नव्हता. त्यांना पकडून तुरुंगात ठेवले आणि जहाज निघताना जबरदस्तीने चढवले. चौघांनी कामाला हात लावण्यास नकार दिला. सॅन फ्रान्सिस्कोला आणून त्यांच्यावर खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सवाल सरळ होता. तेराव्या घटनादुरुस्तीने माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे बंद केले आहे. मग या चौघांना राबवणे घटनेत बसते काय?

२५ जानेवारी १८९७ रोजी न्यायालयाने सांगितले की बसते. रॉबर्टसन विरुद्ध बाल्डविन या नावाने हा निकाल ओळखला जातो. न्यायमूर्ती ब्राऊन यांनी प्राचीन सागरी कायद्यांचे दाखले देत खलाशाचा करार पूर्वापार वेगळाच असल्याचे मांडले. खलाशाने एकदा सही केली की सफर संपेपर्यंत त्याने आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग सोडलेलाच असतो. आणि खलाशी हा भोळाभाबडा, उधळा, स्वतःचे हित न कळणारा. त्याला अज्ञान बालकाप्रमाणे कायद्याच्या पालकत्वाखाली ठेवणेच बरे! परंपरा फार जुनी आहे म्हणून ती योग्य, आणि ज्याला बांधले आहे तो मुळातच कमी अकलेचा आहे, हे दोन्ही युक्तिवाद आपल्या ओळखीचे आहेत. आपल्या पूर्वजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत.

हे ब्राऊन म्हणजे तेच, ज्यांनी आदल्या वर्षी, १८९६ साली, प्लेसी खटल्यात काळ्यांसाठी आगगाडीचा वेगळा डबा घटनेला धरूनच आहे असा निकाल लिहिला होता. दोन्ही निकालांत विरोधी मत एकाच न्यायमूर्तींचे, जॉन मार्शल हार्लन यांचे. गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेला हा माणूस. खलाशांच्या प्रकरणात त्यांचे म्हणणे असे होते की सुरुवातीला सही खुशीने केली असेल, पण पुढे माणूस नको म्हणत असताना त्याला धरून राबवले तर ती गुलामीच होय.

एक्केचाळीस वर्षांनी हाच सवाल मुंबईच्या विधिमंडळात उभा राहिला. सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाच्या विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला. नोकरीचा करार मोडणे हा दिवाणी मामला आहे. त्याला गुन्हा ठरवून कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला इच्छेविरुद्ध राबवणे, आणि त्याचे दुसरे नाव गुलामगिरी. आपल्याकडे मजुराला करारभंगासाठी फौजदारीत खेचणारा १८५९ चा कायदा १९२५ साली रद्द झाला होता. तरी संपकऱ्याला तुरुंगात टाकण्याची हौस राज्यकर्त्यांना उरली होतीच.

पुन्हा फ्युरुसेथ यांच्याकडे वळू. १८९८ च्या कायद्याने अमेरिकन खलाशाचा देशातल्या बंदरांतला तुरुंगवास संपला आणि जहाजावरची मारहाण बेकायदा ठरली. पण मार न खाताही खलाशाचे हातपाय मोडतच होते. १८९६ च्या डिसेंबरात मिशिगन सरोवरात ‘ऑसिओला’ नावाचे जहाज मिलवॉकी बंदराजवळ येत होते. समोरून वारा होता. कप्तानाने बंदराला लागायच्या आधीच जहाजाच्या बाजूची अवजड फळी यारीने उचलायला सांगितले. वाऱ्याने फळी फिरली, यारी ओढली गेली आणि एका खलाशाच्या अंगावर कोसळली. १९०३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला आणि तोही याच ब्राऊन यांनी लिहिला.

त्या निकालाने खलाशाच्या हक्काचे माप ठरवून टाकले. खलाशी सफरीत आजारी पडला किंवा जखमी झाला, तर चूक कोणाचीही असो, मालकाने निदान सफर चालू असेपर्यंत त्याचा पगार, खाणेपिणे आणि औषधपाणी पाहावे. जहाजच समुद्रात जाण्याच्या लायकीचे नसेल, दोर कुजलेला, अवजार मोडके असेल, तर नुकसानभरपाईही द्यावी. पण कप्तानाच्या किंवा सोबत्याच्या हलगर्जीपणामुळे हात गेला, तर हाताची किंमत नाही. यारी धड होती, हुकूम चुकीचा होता. म्हणून या खलाशाला भरपाई नाही!

इथेच दोन गोष्टींची सांगड कळते. कारखान्यात मुकादम धोक्याचे काम सांगू लागला तर कामगार निदान अवजार टाकून फाटकाबाहेर जाऊ शकतो. खलाशी कुठे जाणार? समुद्रात हुकूम मोडला तर शिक्षा, बंदरात उतरला तर वॉरंट. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यावर हुकूम चालवायचा, आणि हुकूम चुकला तर मोडलेले हाड त्याचे. फ्युरुसेथ यांनी म्हणूनच जखमेची भरपाई आणि जहाज सोडण्याचा हक्क या दोन मागण्या कधी वेगळ्या केल्या नाहीत.

१९०८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खलाशी संघाचे अध्यक्ष झाले. विस्कॉन्सिनचे सिनेटर ला फॉलेट यांनी त्यांचे विधेयक हाती घेतले. वर्षानुवर्षे ते पडून राहिले. मग १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली. तेव्हा कुठे प्रवाशांना कळले की वल्ही मारता येणारा खलाशी बोटीवर पुरेसा असणे हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे. त्या अपघाताने सागरी कायद्याचा खरा चेहराही दिसला. १८५१ च्या अमेरिकन कायद्याचा आधार घेऊन कंपनीने आपली जबाबदारी उरलेल्या मालमत्तेपुरती, म्हणजे वाचलेल्या होड्या आणि भाडे मिळून सुमारे ९२ हजार डॉलरपुरती, मर्यादित करून मागितली. आणि ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाज बुडाले त्या क्षणी खलाशांचा पगार बंद झाला.

४ मार्च १९१५ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी खलाशी कायद्यावर सही केली. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. जहाज सोडल्याबद्दलचा तुरुंगवास या कायद्याने रद्द झाला, परक्या खलाशांना अमेरिकन बंदरात पकडून देण्याचे तहही मोडीत काढायचे ठरले. बंदरात कमावलेल्या पगाराचा अर्धा भाग मागण्याचा हक्क मिळाला. होड्या, राहण्याची जागा, पाळ्या यांचे नियम झाले. जखमांसाठी एक कलम घातले गेले, की हुकूम देणारा अधिकारी हा खलाशाचा सहनोकर मानू नये.

तीनच वर्षांनी न्यायालयाने या कलमातली हवा काढली. एका आगवाल्याला वादळी वाऱ्यात डेकवर काम सांगितले होते. लाट आली, पाय मोडला, पुढे तो कापावा लागला. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकारी सहनोकर असो वा नसो, सागरी कायद्यात हलगर्जीपणाची भरपाईच नाही. औषधपाणी मिळाले, विषय संपला. कायदा करून घेणे आणि कायद्याचा लाभ मिळणे यांत किती अंतर असते, हे आम्ही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या अनुभवाने जाणतो. मात्र संसदेने हे अंतर १९२० साली भरून काढले. सिनेटर जोन्स यांच्या नावाच्या कायद्याने रेल्वे कामगारांचा १९०८ चा कायदा खलाशालाही लागू केला. मालकाच्या, कप्तानाच्या, सोबत्याच्या हलगर्जीपणाबद्दल खलाशी दावा करू शकतो, ज्युरी मागू शकतो, आणि त्याची स्वतःची थोडी चूक असली तरी भरपाई कमी होते, बुडत नाही. हा कायदा तिथे आजही चालतो.

इथपर्यंतचे फ्युरुसेथ आम्हाला आपले वाटतात. पुढचे लिहिणे जड जाते, पण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या माणसाच्या लेखी खलाशी म्हणजे गोरा खलाशी. चिनी खलाशांना हाकलण्याच्या मोहिमेत ते आणि त्यांची संघटना पुढे होती. १९१५ च्या कायद्यात प्रत्येक खात्यातल्या ७५ टक्के लोकांना अधिकाऱ्याची भाषा कळली पाहिजे अशी अट होती. सुरक्षेच्या दृष्टीने ती रास्त दिसते, पण पॅसिफिकवरच्या जहाजांवरून चिनी माणूस उतरवणे हाही तिचा हेतू होता. समुद्रावर गोऱ्यांचेच वर्चस्व राहावे असे ते उघड म्हणत. काळ्या खलाशांनाही त्यांच्या संघात बरोबरीची जागा नव्हती.

त्या काळी आमच्या रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे मुंबई बंदरातून ब्रिटिश आगबोटींवर जात होते. सारंगाला आणि दलालाला पैसे चारून नोकरी मिळवायची, गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगार घ्यायचा, आणि राहायला जागाही कायद्यानेच कमी. फ्युरुसेथ यांनी दलालाचा जो फास वर्णन केला तो यांच्याच गळ्यात सर्वांत घट्ट होता. कंपन्या आशियाई माणसाला स्वस्तात राबवून गोऱ्याचा पगार पाडतात, हे त्यांचे निदान बरोबर होते. पण त्यावर स्वस्तात राबणाऱ्याला सोबत घेऊन त्याचा पगार वाढवायचा, की त्याला बोटीवरून उतरवायचे? त्यांनी दुसरा मार्ग धरला.

त्याची किंमत त्यांच्या हयातीतच दिसली. १९२१ चा संप हरला आणि संघटना पार कोसळली. १९३६ साली तर त्यांच्याच अध्यक्षपदाखालच्या संघाने पॅसिफिकच्या खलाशांना, म्हणजे त्यांनी स्वतः वाढवलेल्या संघटनेला, बाहेर काढले. १९३७ मध्ये अटलांटिकच्या किनाऱ्यावर नवा राष्ट्रीय सागरी संघ उभा राहिला. त्याने वर्णभेद नाकारून काळ्या खलाशांना सभासद केले. जमैकात जन्मलेले फर्डिनंड स्मिथ त्याच्या पहिल्या फळीतल्या नेत्यांत होते. फ्युरुसेथ यांचा जुना संघ त्यापुढे टिकला नाही.

२२ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. मजूर खात्याच्या सरकारी इमारतीत त्यांचा देह अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला. मार्चमध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा एका जहाजावरून नेऊन, जमिनीपासून दूर, अटलांटिकच्या मध्यावर विसर्जित करण्यात आली.