चुंबकातून रंगीत ज्योती निघतात? पॅराफिन शोधणाऱ्या रायशेनबाखची अजब गोष्ट

घरातली लाइट गेली की आपण मेणबत्ती शोधतो. बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात आणि हे पॅराफिन १८३० साली वेगळं काढलं ते कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. गंमत म्हणजे, याच माणसाने आयुष्याची शेवटची २५ वर्षं मिट्ट काळोखात चुंबकाचा उजेड शोधण्यात घालवली!

स्टुटगार्टला १७८८ मध्ये जन्मलेला कार्ल मुळातच उचापती. शाळकरी वयात त्याने दक्षिण समुद्रातल्या बेटांवर जर्मन वसाहत करायची गुप्त संघटना काढली आणि त्यापायी नेपोलियनच्या पोलिसांनी त्याला तुरुंगात टाकलं. पुढे मोरावियातल्या ब्लान्स्को इथे लोखंडाचे कारखाने सांभाळताना लाकडाच्या डांबरातून त्याने पॅराफिन, क्रिओसोट आणि पिटाकल नावाचा निळा रंग काढला. (कुत्र्यांनी तंगडी वर करू नये म्हणून खांबांना डांबर फासलं, कुत्री काही थांबली नाहीत, पण खांब निळे झाले, अशी या रंगाच्या शोधाची गोष्ट सांगतात.) पैसा आला, बॅरन हा किताब मिळाला, व्हिएन्नाजवळच्या टेकडीवर वाडा झाला.

मग आलं १८४४ साल. व्हिएन्नातल्या एका आजारी तरुणीला अंधारात मोठ्या चुंबकाच्या टोकांशी उजेड दिसला. दुसरा कुणी असता तर भास म्हणून सोडून देता. रायशेनबाखने मात्र खोल्यांच्या फटी न् फटी बुजवल्या आणि माणसांना तासन्‌तास अंधारात बसवायला सुरुवात केली, आधी रुग्णांना आणि नंतर धडधाकट लोकांनाही. त्यातले बरेच जण एकच सांगत होते: चुंबकाच्या उत्तर टोकाला निळसर ज्योत, दक्षिण टोकाला तांबूस-पिवळी. मग स्फटिकांतून, माणसाच्या बोटांतूनही प्रकाश दिसू लागला. ही निसर्गातली नवी शक्ती आहे असं ठरवून त्याने ओडिन देवाच्या नावावरून तिला ‘ओड’ म्हटलं. १८४५ मध्ये हे संशोधन लीबिगसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापून आलं.

यात एक मोठी मेख होती. खुद्द रायशेनबाखला यातलं काहीच दिसत नसे! ज्यांना दिसतं ते ‘सेन्सिटिव्ह’, आणि सगळा पुरावा म्हणजे त्यांचा शब्द. डांबरातला थेंबन्‌थेंब तपासून घेणारा हा माणूस इथे मात्र ऐकीव गोष्टींवर विसंबला.

नेमकं यावरच मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या डॉक्टरने १८४६ मध्ये बोट ठेवलं. त्याने तसेच प्रयोग केले, तेव्हा काही सांगितलं नाही तर लोकांना काहीच दिसेना. ‘आता उजेड दिसेल’ अशी नुसती सूचना मिळाली की दिसायला लागे. म्हणजे काम चुंबकाचं नव्हतं, अपेक्षेचं होतं. शिवाय गडद अंधारात बराच वेळ बसलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर धूसर प्रकाशाचे ढग तरंगतात, करून बघा.

रायशेनबाख काही हटला नाही. जाडजूड ग्रंथ लिहिले, टीकाकारांशी भांडत राहिला. उतारवयात तो लाइपझिगला गेला, संवेदनांचं मोजमाप करणाऱ्या फेखनर या शास्त्रज्ञाला पटवायला. ते काही जमलं नाही, आणि जानेवारी १८६९ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. तोवर रसायनशास्त्रात कमावलेल्या नावावर ‘ओड’ची सावली पडली होती.

१८९६ मध्ये दार्सोंव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगाने दिशा बदलणाऱ्या, जोरदार चुंबकीय क्षेत्रात डोकं धरलं, तर काय, डोळ्यांपुढे खरोखरच प्रकाश लुकलुकला! बदलतं चुंबकीय क्षेत्र डोळ्याच्या पडद्यात बारीक विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि मेंदू त्यालाच उजेड समजतो. मात्र त्यासाठी क्षेत्र सतत बदलावं लागतं. रायशेनबाखचे चुंबक जागच्या जागी स्थिर असायचे.