चित्रकलेचा संसार : कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

मुलाला किंवा मुलीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत वरची श्रेणी मिळाली की घरात पेढे वाटले जातात, शेजारणीला बोलावून चित्रांची वही दाखवली जाते. पण तेच मूल पुढे चित्रकलेच्या शाळेत जातो म्हणाले, की आईवडिलांच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागते. शिकून बाहेर पडल्यावर पुढे काय? ह्या विद्येने पोट कसे भरायचे, संसार कसा चालायचा? हे प्रश्न आजचे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांतही ते असेच विचारले जात. कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी त्यांना तोंडाने उत्तर दिले नाही. एक्केचाळीस वर्षे काम करून दिले. मंडळाच्या ह्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगण्याचे आणखीही एक कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे जग, त्यांची लुगडी, त्यांचे सणवार, त्यांची लग्नकार्ये, हे सारे धुरंधरांनी जितक्या आस्थेने रेखाटले तितक्या आस्थेने फार थोड्यांनी रेखाटले आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. बालपण कोल्हापुरातच गेले. चित्रांचा नाद लहानपणापासूनचा होता. १८९० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते मुंबईस आले व सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही संस्था १८५७ साली सुरू झाली होती. धुरंधर तेथे गेले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तिचे मुख्य होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स.

तेथील शिक्षण म्हणजे मोठी तपश्चर्या असे. प्रथम छापील नमुन्यांवरून नकला करायच्या. मग प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश अभ्यासायचा. पुढे वस्तुचित्र, आणि हात पुरता बसल्यानंतर समोर बसलेल्या जिवंत माणसाचे चित्र. एकेका पायरीवर महिनेच्या महिने जात. ज्याचा धीर सुटे तो मध्येच शाळा सोडून जाई. धुरंधरांचा धीर सुटला नाही. ही सारी पद्धत विलायतेची होती. परंतु त्या पद्धतीने काय काढायचे हे मात्र त्यांनी आपल्या घरातून आणि आपल्या रस्त्यावरून निवडले. १८९५ साली लक्ष्मीच्या आगमनावरील त्यांच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. अजून विद्यार्थिदशा पुरती संपली नव्हती.

पदक मिळाले, नाव झाले. पण पदकाने घरात धान्य येत नाही. त्या काळी चित्रकला शिकून बाहेर पडलेल्या तरुणापुढे वाटा अशा कितीशा होत्या? एखाद्या संस्थानिकाचा आश्रय मिळवावा. धनिकांच्या घरी जाऊन त्यांच्या वाडवडिलांच्या तसबिरी रंगवाव्यात. नाटक मंडळींचे पडदे रंगवावेत. नाहीतर एखाद्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर व्हावे. धुरंधरांच्या आधी कोल्हापूरचेच अबालाल रहमान जे. जे. मधून शिकून आपल्या गावी परतले होते. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि कोटितीर्थ व पंचगंगेचा परिसर रंगवीत ते एकांतात रमले. धुरंधरांचे सहाध्यायी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली, शिकत असतानाच, 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडवून सर्वांना चकित केले आणि ते शिल्पकाराच्या स्वतंत्र व्यवसायाकडे वळले. धुरंधरांनी तिसरी वाट धरली. त्याच १८९६ साली त्यांनी आपल्याच शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली.

नोकरी धरली म्हणजे कलावंत संपला, अशी एक समजूत आहे. धुरंधरांच्या बाबतीत नोकरीने उलट आधार दिला. महिनाअखेर ठराविक पगार हाती येई, म्हणून प्रत्येक चित्र विकलेच पाहिजे ही टांगती तलवार डोक्यावर राहिली नाही. शाळेत रोज विद्यार्थ्यांची रेखाटने तपासायची असल्यामुळे स्वतःचा हातही गंजला नाही. आणि शाळेनंतरचा वेळ, सुटीचे दिवस, हे सारे त्यांनी स्वतःच्या चित्रांना दिले. दिवसाकाठी थोडे का होईना काढायचेच, हा त्यांचा नेम होता. रेखाटनांच्या वह्यांमागून वह्या भरत गेल्या.

संसाराच्या आरंभीच मोठा घाव बसला. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग सुरू झाला. लोक घरेदारे टाकून पळू लागले. १८९७ साली धुरंधरांच्या पत्नी बापूबाई ह्या साथीत गेल्या. नोकरीला वर्षदीड वर्ष होते न होते तोच घर रिकामे झाले. अशा वेळी कुंचला खाली ठेवला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. धुरंधर कामावर जात राहिले, चित्रे काढीत राहिले. पुढे त्यांचा विवाह गंगूबाईंशी झाला व संसार पुन्हा उभा राहिला. नवरा दिवसभर शाळेत आणि उरलेला वेळ चित्रांत, अशा घराचा गाडा कोणी ओढला असेल हे आपणा भगिनींना वेगळे सांगायला नको. कलावंताच्या चरित्रात ह्या कष्टांना क्वचितच जागा मिळते. धुरंधरांनी निदान आपल्या चित्रांत ती दिली. घरात वावरणारी, काम करणारी, नटूनथटून समारंभाला निघालेली स्त्री त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा भेटते.

धुरंधरांचे खरे वैशिष्ट्य असे की, त्यांनी कोणतेही काम हलके मानले नाही. मोठी तैलचित्रे त्यांनी रंगवलीच. शिवराज्याभिषेकाचा त्यांनी चितारलेला दरबार आजही पुस्तकांतून आणि भिंतींवरून आपल्याला भेटतो. औंधच्या संग्रहातही त्यांची चित्रे आहेत. पण त्याच हाताने त्यांनी पैशा-दोन पैशांच्या पोस्टकार्डांसाठी मुंबईच्या रस्त्यावरील माणसे काढली. ओलिओग्राफसाठी देवादिकांची चित्रे केली. 'वीसमी सदी' हे गुजराती मासिक १९१६ साली निघाले, त्यासाठीही त्यांनी चित्रे दिली. श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाणारे चित्र आणि पोस्टाच्या पिशवीतून जाणारे चित्र, दोन्हींत पदराची चुणी तितक्याच काळजीने काढलेली दिसते.

ग्रंथांसाठी केलेले काम तर आपण आवर्जून पाहावे असे आहे. १९१२ साली एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाला त्यांची चित्रे होती. १९१४ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या पुस्तकाची चित्रेही धुरंधरांचीच. आटपाट नगर, सोमवारची खुलभर दुधाची म्हातारी, दिव्यांच्या अवसेची राजाची सून, ह्या कहाण्या आपण पाटावर बसून हातात अक्षता घेऊन ऐकल्या. त्या परभाषेत गेल्या तेव्हा त्यांच्या बरोबर जाणारी लुगडी, दागिने, देवघरे चुकू नयेत, ही जबाबदारी एका मराठी चित्रकाराने उचलली. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड यांचे हिंदुस्थानातील स्त्रियांविषयीचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रांत निरनिराळ्या प्रांतांच्या व जातीजमातींच्या स्त्रियांचे पेहराव त्यांनी रंगवले. लेखकाची स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी आज आपल्याला सगळीकडे पटणार नाही. परंतु कोणत्या जमातीत लुगडे कसे नेसत, पदर कोणत्या खांद्यावर घेत, हे शोधायचे झाले तर अभ्यासकांना आजही ह्या चित्रांचा उपयोग होतो.

१९२९ च्या सुमारास नवी दिल्लीच्या सचिवालयासाठी चित्रे करण्याचा मान त्यांना मिळाला. विषय होता हिंदू व मुसलमानी कायदा. कायद्यासारखा रुक्ष विषय चित्रात आणायचा कसा? धुरंधरांनी तो माणसांतून आणला. त्यांतील एक चित्र स्त्रीधनाचे होते. बाईचा स्वतःचा, तिच्या मालकीचा असा जो ऐवज, त्याला राज्यकारभाराच्या इमारतीत चित्ररूपाने स्थान मिळावे ही गोष्ट आपल्या दृष्टीने लहान नव्हे.

शाळेत त्यांची पायरी वर चढत गेली. शिक्षकाचे ते मुख्याध्यापक झाले. संस्थेचे सर्वोच्च पद त्या काळी इंग्रजांकडेच असे. तरीही निवृत्तीपूर्वी काही काळ प्रभारी संचालक म्हणून संस्थेची धुरा धुरंधरांकडे आली. ज्या शाळेत कोल्हापूरचा एक तरुण विद्यार्थी म्हणून शिरला होता, तिचा कारभार त्याने पाहिला. १९३१ साली ते निवृत्त झाले. ह्या साऱ्या काळाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' ह्या नावाने लिहिली व ती १९४० साली प्रसिद्ध झाली. मराठी चित्रकाराने आपला व्यवसाय, त्यातील माणसे आणि मानापमान असे सविस्तर सांगावेत, हे त्या वेळी नवेच होते. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. बंगालकडील कलावंतांना व त्यांच्या पुरस्कर्त्यांना मुंबईची ही विलायती वळणाची चित्रकला परकी वाटे. १९४७ साली मुंबईत पुढे आलेल्या नव्या चित्रकारांना ती जुनी आणि केवळ गोष्ट सांगणारी वाटली. ह्या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. इतके काम करणाऱ्या माणसाचे सगळेच काम सारख्या उंचीचे कसे असेल? मागणी आली म्हणून पुरी केलेली चित्रेही त्यात आहेत. पण गंमत अशी, की त्या नव्या चित्रकारांतील मकबूल फिदा हुसेन, ज्यांचा जन्म आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरचा, त्यांनीही मुंबईत सुरुवातीला सिनेमाची मोठमोठी फलके रंगवूनच पोट भरले. शैली बदलली, पोटाचा प्रश्न बदलला नाही. आणि २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा पोस्टकार्डांपासून तैलचित्रांपर्यंतचे त्यांचे काम एका छताखाली लोकांना पाहता आले.

धुरंधरांच्या घरातील एक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. त्यांची कन्या अंबिका हिचा जन्म १९१२ चा. मुलींनी चार बुके शिकावीत की नाही याचाच जेथे वाद होता, त्या काळात धुरंधरांनी आपल्या मुलीला आपल्याच शाळेत चित्रकला शिकायला घातले. समोर माणूस बसवून चित्र काढण्याच्या वर्गात मुलीने जावे, हे त्या वेळी सहज पचणारे नव्हते. अंबिकाबाईंनी अभ्यासक्रम पुरा केला आणि १९३१ साली त्या पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्या संस्थेची पदविका मिळवणाऱ्या पहिल्या काही हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते. ज्या साली वडिलांनी शाळेचा निरोप घेतला, त्याच साली मुलगी शिक्षण संपवून चित्रकार म्हणून उभी राहिली. पुढे त्यांनी चित्रे काढली, 'माझी स्मरणचित्रे' हे आत्मकथन लिहिले आणि वडिलांची चित्रे जिवापाड जपली. २००९ साली त्या वारल्या.

आपले सोलापूर हे नक्षीचे गाव आहे. चादरीवर जी वेलबुट्टी उठते ती आधी कोणीतरी चौकटीच्या कागदावर घर मोजून काढलेली असते. ते काम करणाऱ्याचे नाव चादरीवर नसते, पण त्याच्या हाताशिवाय माग पुढे सरकत नाही. म्हणून मुलीने चित्रकलेचे शिक्षण पुरे केले आणि पहिले काम लग्नपत्रिकेचे किंवा चादरीच्या नक्षीचे आले, तर आईने हिरमुसू नये आणि मुलीनेही नाक मुरडू नये. नियमाने हात चालवावा, मिळेल ते काम नेटके करावे, आणि स्वतःच्या चित्रासाठी दिवसातला थोडा वेळ कोणालाही देऊ नये. तो वेळ तिला मिळतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र घरातल्या माणसांचे आहे.