गृहिणी बहिणाबाई

खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव ठाऊक नाही, असे मराठी घर क्वचितच सापडेल. शाळेच्या पुस्तकांतून, रेडिओवरून आणि बायकांच्या भजनी मंडळांतून त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली आहेत. पण त्या गाण्यांच्या मागे एक शेतकरी गृहिणी होती. तिचे जाते होते, चूल होती, ताकाचा डेरा होता, शेत होते, इकडे आपले लक्ष थोडे कमीच जाते. कवयित्री म्हणून त्यांच्याविषयी मोठमोठ्या विद्वानांनी लिहिले आहे. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत मात्र गृहिणी म्हणून त्यांची ओळख करून घ्यावी, असे वाटते. कारण कवितेत आपण त्यांच्या जवळपासही नसलो, तरी संसारात आपण सगळ्याजणी त्यांच्याच पंगतीतल्या आहोत.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. वडील उखाजी महाजन आणि आई भिमाई. घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या तीन बहिणी, असे ते भरलेले शेतकरी घर होते. असोद्याची वांगी भरताकरिता खानदेशात नावाजलेली आहेत. कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या उरतात, त्याच पेटवून त्यांवर ही वांगी भाजायची आणि सोबत कळण्याची भाकरी, अशी त्या भागाची रीत आहे. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेले पीठ. वांगी मळ्यातली, ज्वारी आणि उडीद शेतातले, आणि जळण म्हणून त्याच शेतात उरलेल्या काड्या! पाहुण्याला वाढायचे हे पक्वान्न, पण मीठ सोडले तर त्यात दुकानातून आणण्यासारखे जवळजवळ काही नाही. अशा गावात वाढलेल्या मुलीला काटकसर हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

त्या काळी खेड्यातल्या मुलींना शाळा नव्हती. बहिणाबाईंना लिहिता-वाचता शेवटपर्यंत आले नाही. परंतु शेणगोठा, नांगरणी-पेरणी, कापणी-मळणी, सण-वार, व्रते, कहाण्या हे सारे त्या ऐकून आणि करून शिकल्या. त्यांची स्मरणशक्ती मोठी तल्लख होती. पाटी नाही, वही नाही, तेव्हा जे काही साठवायचे ते डोक्यात, हाही त्यांच्या जपून ठेवण्याच्या सवयीचाच एक भाग म्हणावा लागेल.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या चौधरी वाड्यातील मोठ्या एकत्र कुटुंबात आल्या. अशा घरातल्या सुनेचा दिवस पहाटे जात्यापाशी सुरू होई. दळण झाले की ताक घुसळायचे, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या आणि न्याहारी बांधून शेताची वाट धरायची. ओलसर लाकडांमुळे चूल धुमसू लागली की डोळ्यांतून पाणी येई. ही सगळी कामे, हा सगळा त्रास बहिणाबाईंच्या गाण्यांत आला आहे. मोट, नांगर, पेरणी, उफणणी, पोळा, आखाजी, गुढीपाडवा, सुगरण पाखराचा खोपा, यांतले काहीही त्यांनी ऐकीव लिहिले नाही. जे हातातून गेले तेच ओठांवर आले.

त्या काळच्या शेतकरी घरात एखादी वस्तू टाकून देणे ही गोष्ट सहसा होत नसे. नेसते लुगडे विरले की त्याचे धडपे होई. धडपे विरले की त्याची गोधडी शिवली जाई. गोधडी फाटली की आणखी दोन जुने पदर लावून तिला वर नवी सूत घालीत. आणि शेवटी उरलेल्या चिंधीचे चुलीला पोतेरे होई. चुलीतली राख भांडी घासायला आणि कडधान्यात मिसळून किडीपासून जपायला उपयोगी पडे. कणगीत कडुनिंबाचा पाला घालीत. डाळीला एरंडेलाचा हात देत. खरकट्याचे पाणी म्हशीला, मोरीचे पाणी परसातल्या अळूला किंवा भोपळ्याच्या वेलाला. शेणाच्या गोवऱ्या, आणि गोवरीची पुन्हा राख. घरात आलेली वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी चार वेळा रूप पालटून जाई. याला कोणी मोठे नाव देत नसे. घर चालवायचे तर असेच चालवायचे, एवढेच बायकांना माहीत असे.

हा काळ मात्र मोठा कठीण होता. १८९९-१९०० सालचा दुष्काळ खानदेशाने फार सोसला. बहिणाबाई त्या वेळी वीस वर्षांच्या आतबाहेर होत्या. १८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुढे गावोगाव पसरली आणि कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिली. बहिणाबाईंना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे. त्यांपैकी ओंकारला प्लेग झाला. तो वाचला, पण कायमचा अपंग झाला. या दुःखातून सावरतात न सावरतात तोच १९१० साली नथुजी वारले. बहिणाबाई तेव्हा अवघ्या तीस वर्षांच्या होत्या. पदरात तीन मुले, त्यांतले एक अधू, धाकटा सोपान तीन वर्षांचा.

तीस वर्षांची विधवा म्हणजे काय, हे त्या काळच्या समाजाकडे पाहून समजून घ्यावे लागते. कुंकू गेले, बांगड्या गेल्या, लोकांच्या नजरा बदलल्या. ज्योतिषाला हात दाखवून दैव विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांची वैधव्यावरची गाणी वाचली तर कळते, की रडून झाल्यावर त्यांनी आपल्या हातांवरच्या रेषांपेक्षा हातांवर भरवसा ठेवला. शेत सोडले नाही, जाते सोडले नाही, मुलांना टाकले नाही. येथपासून त्यांच्या काटकसरीचा अर्थ बदलला. सुनेच्या वयात घरची रीत म्हणून जे केले, ते आता मुलांच्या पोटासाठी आणि स्वतःची मान ताठ ठेवण्यासाठी करावे लागले. दाणा वाया गेला तर तो मुलाच्या तोंडचा गेला, हा हिशेब त्यांना वहीशिवाय येत होता.

त्याच आईने सोपानला शाळेत घातले, हे विसरता कामा नये. शेतावर दोन हात आणखी असते तर काम हलके झाले असते. पण काटकसर कशात करायची आणि कशात करायची नाही, हे चांगल्या गृहिणीला कळते. कापडात केली, तेलात केली, स्वतःच्या विसाव्यात केली; मुलाच्या शिक्षणात केली नाही. हाच मुलगा पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. असे सांगतात, की शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट सोपानने घरी आईला वाचून दाखवली, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आईने त्या गोष्टीचे गाणे करून ठेवले होते. मुलाने ते ऐकून वहीत उतरवून घेतले. मुलाला शाळेत घातल्याचे व्याज आईला असे परत मिळाले.

बहिणाबाईंची गाणी दळताना, निंदताना, पाणी भरताना सुचत. त्यासाठी वेगळा वेळ त्यांच्यापाशी नव्हताच. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जमेल तसे, जमेल तेव्हा लिहून घेतले. बाकीचे जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले. ज्या घरात फाटकी चिंधीसुद्धा फुकट गेली नाही, त्या घरातला सर्वांत मोलाचा ऐवज असा वाऱ्यावर गेला. यात दोष एकट्या त्या घराचा नाही. बाईने कामाच्या नादात काहीतरी गुणगुणायचे आणि इतरांनी ते कानाआड करायचे, ही आपल्या सगळ्यांच्याच घरांची रीत होती.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचाने आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली आणि हे धन लोकांपुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने निघाली आणि एका निरक्षर शेतकरी बाईचे नाव घरोघर झाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २०१८ साली देण्यात आले. चौधरी वाड्यातील त्यांच्या राहत्या घराचे स्मृतिसंग्रहालय झाले असून त्यांच्या संसारातील आणि शेतीतील वस्तू तेथे जपून ठेवल्या आहेत. एका गृहिणीची भांडीकुंडी पाहायला लोक लांबून जातात, ही गोष्ट आपण मनात ठेवण्यासारखी आहे.

जळगाव सोलापूरहून दूर आहे, पण हा संसार आपल्याला परका नाही. आपला जिल्हाही पावसाची वाट पाहणारा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हे आपले मुख्य धान्य, आणि तिचा कडबा हे जनावरांचे. आपली कडक भाकरी म्हणजे काटकसरीचा उत्तम नमुना आहे. पातळ थापून, खडखडीत वाळवून ठेवली की दिवसेंदिवस टिकते; प्रवासाला चालते, शेतावर चालते, आणि शेंगाची चटणी व घट्ट दही असले की दुसरे कालवण लागत नाही. धान्य साठवायला आपल्याकडे जमिनीत पेव असत. वाकळ तर अजूनही पुष्कळ घरांत आहे. गिरण्यांचे भोंगे गावाला जागे करीत त्या काळापासून, सुताच्या आणि कापडाच्या तुकड्यांचा उपयोग सोलापूरच्या बायकांना कोणी शिकवावा लागला नाही. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या बायकांनी खडी फोडली, सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन मुले जगवली. त्यांतल्या काही जणी आज आपल्या शेजारी आजी म्हणून बसल्या आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गरिबीचे कौतुक करण्यात काही अर्थ नाही. धुराने डोळे जातात, पहाटेच्या दळणाने कंबर जाते. चुलीच्या जागी गॅस आला, जात्याच्या जागी गिरणी आली, हे चांगलेच झाले. बहिणाबाईंच्या हाती असते तर त्यांनीही जाते बाजूला ठेवले असते. दुसरे असे, की आपल्याकडे काटकसर म्हटली की ती पहिल्यांदा बाईच्या ताटापासून सुरू होते. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते तिने खायचे, दुखले-खुपले तरी अंगावर काढायचे, औषध लांबणीवर टाकायचे. ही काटकसर नव्हे, ही घराची नासाडी आहे. अंगात रक्त कमी असलेली बाई शिळ्या अन्नाचा उपयोग करील, पण घराला पुढे नेणार नाही. वस्तू वाचवाव्यात, माणूस खर्ची घालू नये.

मग घ्यायचे काय? चार कुंड्यांत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत किंवा फुटक्या बादलीत मेथी, कोथिंबीर, अळू, मिरची सहज होते. दारात जागा असेल तर शेवग्याचे एक झाड घराला आणि शेजाऱ्यांनाही पुरते. सोलापूरचे ऊन त्याला मानवते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यांनाच घालावे. भाजीची देठे-साले एका भोके पाडलेल्या डब्यात मातीबरोबर थरावर थर घालून ठेवली, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवाव्यात, दुपटी शिवावीत. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणी देऊन करावा. यात नवे काहीच नाही. आपल्या सासवा-आज्या हे करीतच होत्या. स्वस्त प्लॅस्टिक आले आणि आपला हात सुटला, इतकेच.

परंतु बहिणाबाईंच्या चरित्रापासून घ्यायची सर्वांत मोठी काटकसर वेगळीच आहे. त्यांची गाणी एका मुलाच्या वहीमुळे वाचली. आपल्या घरातल्या वृद्ध बायकांपाशी अजून ओव्या आहेत, भुलाबाईची आणि हादग्याची गाणी आहेत, कोणत्या महिन्यात काय वाळवावे, कोणते बी कसे राखावे, बाळंतिणीला काय द्यावे याचे अनुभव आहेत. सोलापुरात हे धन मराठीबरोबर कानडीत आणि तेलुगूतही आहे. ते सांगणाऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत. आता लिहिता-वाचता येते, फोनमध्ये आवाजही उतरून घेता येतो. तेव्हा सबब उरलेली नाही. मंडळातल्या प्रत्येक भगिनीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका आजीजवळ बसून एक वही भरली, तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत मंडळाच्या कपाटात एक चांगला संग्रह तयार होईल. वही जुनी, अर्धी कोरी असली तरी चालेल.